टोमॅटोची खोली

सिंगापूरमध्ये माकडटोपी घालणारा एकच माणूस मी पाहिला आहे, आणि तो माझा घरमालक होता.

भर दुपारी मी क्वीन्सटाउनमधल्या त्यांच्या फ्लॅटवर खोली बघायला गेले. लिफ्टपासून त्यांच्या दारापर्यंत चालताना पाठीवरून घाम वाहत होता. बेल वाजवली. दार उघडणारे गृहस्थ स्वेटर, माकडटोपी आणि गळ्याला मफलर अशा थाटात उभे. मला वाटलं, तापानं फणफणलेत बिचारे.

मी म्हटलं, "काका, बरं नसेल तर नंतर येते."

"बरं नसायला मला काय धाड भरलीय? आत ये. चप्पल तिथे काढ. आधी टोमॅटो बघ, मग तुझी खोली."

खोलीच्या चौकशीला आलेल्या माणसाला आधी टोमॅटो दाखवायचे ही त्या घरची रीत होती. पुढे मी तिथे राहायला लागल्यावर कुरिअरवाल्यापासून एसी दुरुस्त करणाऱ्यापर्यंत सगळ्यांना ते दर्शन घडताना पाहिलं. फ्लॅटमधली सगळ्यात मोठी, नवराबायकोची म्हणावी अशी झोपायची खोली त्यांनी टोमॅटोला दिली होती. खिडक्यांना आतून थर्माकोल. भिंतीला लोखंडी रॅक, रॅकवर पांढरे दिवे, दिव्यांखाली कुंड्या. एसी रात्रंदिवस चालू. काका-काकू स्वतः बाजूच्या लहानशा खोलीत पंख्याखाली झोपत.

"हे बघ," मफलर सावरत काका म्हणाले, "टोमॅटोत दोन स्वभाव असतात. एक वेलासारखा नुसता वाढतच सुटतो. त्याला काठ्या बांधा, बगलेतले फुटवे खुडत बसा. दुसरा झुडपी. ठरावीक उंची झाली की आपला आपण थांबतो, फळं बहुतेक एकदमच देतो आणि मोकळा होतो. थंड मुलखात उन्हाळा म्हणजे चार दिवसांचा पाहुणा. तिथे हा दुसराच पाहिजे. कुठे थांबायचं ते ज्याला कळतं तो."

"ज्यांना कळत नाही ते सांगतायत बघ," आतून काकूंचा आवाज आला.

मला हसू आलं आणि मी खोली घेऊन टाकली. चांगी बिझनेस पार्कमधल्या माझ्या ऑफिसला तिथून एमआरटीनं, म्हणजे इथल्या मेट्रोनं, तास मोडायचा. पण घरी आल्यावर गरम वरणभात मिळायचा आणि रोज काहीतरी तमाशा असायचा.

काका मूळचे डोंबिवलीचे. शेतीशी संबंध म्हणाल तर लहानपणी चाळीच्या गॅलरीत तुळस होती तेवढा, आणि तिलाही पाणी आई घालायची. नोकरी सगळी इथेच, हार्बरफ्रंटच्या एका शिपिंग ऑफिसात. मासळी, फळं, औषधं असा थंड राहायला हवा असलेला माल ज्या कंटेनरांतून जातो त्यांचं तापमान सांभाळणं हे त्यांचं काम. त्यामुळे थंडी या विषयावर त्यांच्यापुढे तोंड उघडायची सोय नव्हती. "आज काय थंडी वाजतेय एमआरटीत!" असं म्हटलं की लगेच, "थंडी नावाची वस्तूच नसते. ऊब काढून घेतली की जे उरतं त्याला तुम्ही लोक थंडी म्हणता." काकूंना हे वाक्य इतकं पाठ होतं की ते सुरू झालं की त्या ओठ हलवून दाखवायच्या.

आता सिंगापुरात थंड हवेतला टोमॅटो कशाला, हा प्रश्न कुणालाही पडेल. शेजारच्या चिनी आंटीला तर रोज पडायचा. तिच्या कुंड्यांतल्या मिरच्या आणि भातात घालायची पानदानची सुवासिक पानं कॉरिडॉरमध्ये नुसती माजली होती. मलेशियातल्या थंड डोंगरावरचे टोमॅटो इथे बाजारात येतात, म्हणून ती म्हणायची, "अंकल, टोमॅटो गो मार्केट बाय लाह. कॅमेरन हायलँड्स वन, व्हेरी नाइस." काका तिला नम्रपणे विचारायचे, "विच व्हरायटी?" आंटी म्हणायची, "रेड वन."

वाण कुठला, हा प्रश्न ते कुठेही विचारत. हॉकर सेंटरमध्ये ताटात टोमॅटोची चकती आली की ती काट्यावर उचलून उजेडात धरायचे आणि दुकानदाराला वाण विचारायचे. मागे रांग लागलेली असायची. काकू दुसऱ्या टेबलावर जाऊन बसायच्या.

तर कशाला? त्यांची एकुलती एक मुलगी स्कॉटलंडमध्ये, पार उत्तरेकडे. नवरा, लहान मुलगा, आणि घरामागे जमिनीचा एक तुकडा. ती आईबाबांना कायमचं बोलावत होती. काकूंचे गुडघे गेलेले, नातू फोनवरच मोठा होत चाललेला. काकूंना दुसरं काही नकोच होतं. त्यांची बॅग अर्धी भरून पलंगाखाली ठेवलेली असायची, आणि दर महिन्याला त्या तिच्यातले नातवाचे स्वेटर काढून मापानं मोठे नवे विणून ठेवायच्या.

काकांनाही जायचं होतं. पण त्यांची अडचण वेगळी होती.

त्यांची आजी मुलीच्या घरी पाणीसुद्धा प्यायची नाही. नातू झाल्यावर प्यायली, तेही पेल्याखाली नाणं ठेवून. काका ही गोष्ट हसत हसत सांगायचे. "अडाणीपणा सगळा," म्हणायचे. इंजिनिअर माणूस, देव्हाऱ्यापुढे उभा राहिला तरी हात खिशात. पण ती आजी त्यांच्या अंगात कुठेतरी मुक्कामाला होती. एकदा मी सहज म्हटलं, "काका, तिकडे गेल्यावर आराम करा." तर माझ्यावरच उखडले.

"आराम? मुलीच्या घरी? जावयाच्या टेबलावर बसून आयतं गिळायचं? आपण जायचं ते काहीतरी घालायला. त्या घराला वर्षाचा टोमॅटो मी देणार. चटणी, सूप, सगळं. जावई म्हणाला पाहिजे, सासरे आले म्हणून घरात भाजी आली."

म्हणून ही सगळी तयारी. तिकडच्या गार, आखूड उन्हाळ्यात कोणता झुडपी टोमॅटो पिकतो ते इथेच ठरवायचं, आणि पसंत पडलेल्या वाणाचं बी खिशात घालून मुलीच्या दारात उभं राहायचं. बियाणं काय, तिथेही पाकिटांतून मिळतंच. पण ते दुकानाचं झालं. यांना आपल्या हातून पारखलेलं न्यायचं होतं.

पारखण्याची पद्धत अशी. बी फ्रीजच्या डोक्यावर उबेला ठेवायचं, कारण "बी उबेत, रोप गारव्यात". कोंब दिसला की लगेच थंड खोलीत, दिव्याच्या अगदी जवळ. दिवा लांब राहिला तर रोप उंच, मरतुकडं होतं. मग रोज सकाळी सगळ्या रोपांच्या शेंड्यांवरून तळहात फिरवायचा, पुन्हा पुन्हा, सावकाश. वाऱ्यानं हलल्यासारखं झालं की खोड जाड होतं. मोठ्या कुंडीत लावताना रोप पार पहिल्या पानांपर्यंत मातीत पुरायचं, म्हणजे पुरलेल्या खोडालाही मुळं फुटतात. फुलं आली की बॅटरीवरचा दात घासायचा ब्रश देठाला टेकवायचा, बंद खोलीत वारा नाही म्हणून. घर्रर्र आवाज होऊन पिवळे परागकण उडायचे. तोच ब्रश ते दात घासायलाही वापरतात असा काकूंना कायम संशय होता.

संध्याकाळी बर्फाचे ट्रे कुंड्यांमध्ये ठेवायचे. एसी गार करून करून किती करणार, स्कॉटलंडची रात्र त्याहून गार. त्यामुळे फ्रीझरमध्ये बर्फच बर्फ, काकूंच्या खवलेल्या नारळाला जागा नाही. त्या गारव्यात जो वाण फळ धरणार नाही तो नापास. खोलीतून अधूनमधून "नापास!" अशी गर्जना यायची आणि एक कुंडी बाहेर पडायची. लहान फळांचे वाण गारव्यात लवकर लाल होतात, मोठे हिरवेच बसून राहतात. मोठ्या फळांची काकांना फार हौस होती, पण ते वाणही एकेक करून बाहेर गेले. शेवटी एक उरला. गुडघ्याएवढं झुडूप, गडद सुरकुतलेली पानं आणि लिंबाएवढी फळं. हा पास.

त्यातलं एक फळ काकूंनी चुकून कोशिंबिरीत चिरलं. काकांनी जेवणाच्या टेबलावर ते ओळखलं, बाऊल उचललं, सिंकपाशी गेले आणि दही गाळणीतून धुऊन एकेक बी वेचायला लागले. आम्ही दोघी बघत राहिलो.

"खोली दिली टोमॅटोला," काकू म्हणाल्या. "फ्रीझर दिला. मला एक घास नाही मिळायचा?"

"तिकडे खा ना! तिकडे बादलीभर खा. आत्ता बी महत्त्वाचं."

काकूंनी मग नुसता भात खाल्ला.

आणखी एक गोष्ट. आत वाढलेलं रोप एकदम बागेत लावत नाहीत. रोज थोडा थोडा वेळ बाहेर ठेवून त्याला हवा सोसायची सवय लावतात. काकांनी हा नियम स्वतःला लावला. रोज सकाळी स्वेटर-माकडटोपीत तासभर त्या खोलीत खुर्ची टाकून बसायचे. मग स्वेटर काढून. लिफ्ट सोडली, खतमातीची पोती खांद्यावर घेऊन जिन्यानं चढायचे. "मी तयार होतोय," म्हणायचे. काकूही दोनदा त्यांच्याबरोबर बसल्या. तिसऱ्या दिवशी गुडघे धरून दारातूनच परत आल्या.

मग अर्ज करायची वेळ आली. तिकडच्या कायद्यात आईवडिलांना कायमचं नेता येतं, पण अट अशी की त्यांना स्वतःचं रोजचं करता येत नसलं पाहिजे, आणि इथे त्यांचं करणारं कुणी नसलं पाहिजे. आंघोळ, कपडे, स्वयंपाक, कशालाही माणूस लागतो असं डॉक्टरनं लिहून द्यायला हवं. मुलीनं फोनवर हे चार-चारदा समजावलं.

"म्हणजे मी खोटं बोलू?" काका.

"खोटं नाही हो, बाबा. आईचे गुडघे खरे आहेत. तुमचं बीपी खरं आहे. डॉक्टर विचारतील तेवढंच सांगा. फक्त फुशारकी मारू नका."

काकांचं तोंड धरायला म्हणून काकूंनी मला बरोबर नेलं. डॉक्टर तरुण होता, चिनी, हसतमुख. त्यानं कागद पुढे ओढला आणि विचारलं, "अंकल, बेदिंग, ड्रेसिंग, समबडी हेल्प यू ऑर नॉट?"

काकूंनी काकांच्या हातावर हात ठेवला. मी खालून त्यांच्या बुटाला पाय लावला. काकांनी आमच्याकडे पाहिलंसुद्धा नाही. परक्या तरुण माणसानं आपल्याला आंघोळ कोण घालतं असं विचारावं, हे त्यांच्या मस्तकात गेलं होतं.

"नोबडी! आय हेल्प हर," काकूंकडे बोट दाखवत ते म्हणाले. मग उठले. खुर्चीला हात न लावता उठले, आणि तिथेच दोन उठाबशा काढल्या. "आय क्लाइंब स्टेअर्स विथ सॉइल बॅग. आय विल ग्रो व्हेजिटेबल्स फॉर माय डॉटर. आय विल नॉट बी बर्डन ऑन एनीबडी. राइट दॅट."

"वा, अंकल! सो फिट!" डॉक्टर खूश झाला. "यू कॅन टेक केअर ऑफ आंटी सम मोर. व्हेरी गुड, व्हेरी गुड." आणि त्यानं तसंच लिहिलं.

बसमधून येताना काका खिडकीबाहेर बघत स्वतःशीच म्हणाले, "फर्स्ट क्लास रिपोर्ट जाणार." काकू पर्स मांडीवर घट्ट धरून बसल्या होत्या. उतरायचा स्टॉप आला तरी त्यांना कळलं नाही, मी त्यांना हाताला धरून उतरवलं.

मुलीनं अर्ज केला. मनात नसताना केला असणार. तो नाकारला गेला. कारण सरळ होतं: नवरा धडधाकट आहे, स्वतःचं करतो, बायकोचंही करू शकतो. दोघांना तिकडे जायची गरज नाही.

फोनवर मुलगी रडत होती. काकांना आधी अर्थच लागला नाही. "म्हणजे मी आजारी नाही म्हणून नापास?" त्यांनी दोनदा विचारलं. ज्या गोष्टीसाठी माणूस आयुष्यभर मान ताठ ठेवून चालला, नेमकी तीच गोष्ट समोरच्यानं त्याच्याविरुद्ध वापरली होती. मला त्यांची दया आली, आणि संतापही आला. दोन मिनिटं, फक्त दोन मिनिटं खाली मान घालून बसले असते तर काय बिघडलं असतं? हे मी त्यांना कधी बोलले नाही. काकूही बोलल्या नाहीत. त्यांनी पलंगाखालची बॅग ओढून काढली, स्वेटर कपाटात ठेवले आणि रिकामी बॅग माळ्यावर टाकायला मला दिली.

काही दिवस काका सवयीनं रोपांवरून तळहात फिरवत राहिले. मग एकदा मी ऑफिसमधून आले तर टोमॅटोच्या खोलीचं दार सताड उघडं. एसी बंद, दिवे बंद, थर्माकोल काढलेला. सिंगापूरची हवा आत आली होती. टोमॅटोला रात्र गरम झाली की फुलं फळ न धरताच गळतात, हे मला काकांनीच शिकवलेलं. फरशीवर सगळीकडे पिवळी फुलं पडली होती आणि काकू कमरेवर हात ठेवून ती झाडत होत्या. काका हॉलमध्ये बसले होते, डोक्यावर टोपी नव्हती. मी त्यांचे केस प्रथमच नीट पाहिले. पार विरळ झाले होते.

पास झालेल्या वाणाचं बी मात्र त्यांनी टाकलं नाही. ते एका छोट्या डबीत फ्रीजच्या दारात राहिलं.

पुढे माझं लग्न झालं आणि मी ऑफिसजवळ राहायला गेले. दिवाळीला फराळ घेऊन जायची, तेवढंच. काका आता वाणावर बोलत नसत, बातम्या बघत. मग गेल्या वर्षी काकूंचा फोन आला. काकांना बाथरूममध्ये झटका आला होता. उजवी बाजू गेली.

मी रविवारी भेटायला गेले. त्यांचा पलंग आता त्या मोठ्या खोलीत होता, जिथे पूर्वी रॅक होते. उजवा हात उशीवर नुसता ठेवलेला. काकू स्वतःचे गुडघे धरत धरत त्यांचं सगळं करत होत्या: आंघोळ, कपडे, घास भरवणं. डॉक्टरनं पूर्वी विचारलेलं सगळं.

तेवढ्यात मुलीचा व्हिडिओ कॉल आला. ती उत्साहात होती. इतक्या दिवसांनी तिच्या आवाजात मी उत्साह ऐकला. वकिलाशी बोलणं झालं होतं. आता नव्यानं अर्ज करता येईल. आता डॉक्टर लिहून देतील. आता दोघांचीही परिस्थिती अशी आहे की बहुतेक मिळेल.

"बाबा, ऐकताय ना? तुम्ही आणि आई, दोघं. मी सगळं करते."

काकांची जीभ जड झाली होती, पण शब्द कळत. ते म्हणाले, "काय... आणू?"

"काही नाही, बाबा."

काकांनी डाव्या हातानं फ्रीजच्या दिशेनं खूण केली. काकू म्हणाल्या, "ते बियांचं म्हणतायत गं. डबी आहे अजून."

"बिया कशाला?" मुलगी हसली. फार प्रेमानं हसली. "इकडे नर्सरीत तयार रोपं मिळतात, बाबा, मी लावते दर वर्षी. खूप टोमॅटो होतात. तुम्ही काहीच आणू नका. नुसते या, बसा, मी करते तुमचं."

काकांनी डाव्या अंगठ्यानं कॉल बंद केला. दोनदा चुकलं, तिसऱ्यांदा बंद झाला.

"नाही," ते म्हणाले.

"अहो, नाही काय?"

"रिकाम्या... हातानं... नाही." आणि त्यांनी तोंड भिंतीकडे केलं.

फोन पुन्हा वाजला, वाजत राहिला. कुणी उचलला नाही. काकू माझ्याकडे वळल्या. त्या रडत नव्हत्या, तेच मला बघवेना. "तेव्हा हे धडधाकट होते म्हणून जायचं नाही," त्या म्हणाल्या. "आता धडधाकट नाहीत म्हणून जायचं नाही. मग मी कधी जायचं गं? नातू माझ्या डोक्याएवढा झाला." मी त्यांचा हात धरला, तर त्यांनी तो सोडवून घेतला. जेवणाची वेळ झाली होती.

त्यांनी दहीभात आणि कोशिंबीर कालवली. काकांना खांद्याला धरून उशीला टेकवून बसवलं, गळ्याशी नॅपकिन लावला. बाजारच्या टोमॅटोची लालभडक फोड चमच्यात वर आली होती. काकूंनी चमचा पुढे केला. काकांनी फोडीकडे पाहिलं, मुकाट्यानं तोंड उघडलं आणि खाल्ली. वाण विचारला नाही.